तरंगत्या पाट्या आणि आसरांचं दर्शन

तलावात बुडालेले आसरांचे सातही दगड उघडे पडले आणि अख्खं गाव तलावाच्या पाळीवर, बांधावर लोटलं. बाया ओट्या घेऊन चिखलात उतरल्या. जलगिरीबाबा हात वर करून ओरडत होता, "म्या हाक मारली अन् मायनं दर्शन देल्लं! इजेच्या पाट्याखाली गुदमरून राहिल्या होत्या बिचाऱ्या!"

दर वैशाखात पाणी उतरतं, या सात जलदेवींचे दगड दिसतात, मग गाव ओटी भरतं. यंदा पाण्यावर वीज करणाऱ्या तरंगत्या सौर पाट्या बसल्या. पाट्यांची सावली पडली, पाणी कमी आटलं, दगड बुडालेलेच राहिले. शाळेत मी हे फळ्यावर समजावलं होतं. गावानं मात्र आसरा कोपल्या असं ठरवलं आणि दर्शन घडवतो म्हणणाऱ्या बाबाला पाळीवर बसवलं. आमच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. यंदा तलाव आटणार नाही, त्यावरचे नळ चालू राहणार म्हणून शेजारच्या बेबीताईनं पहिलटकरीण लेकीला, प्रतीक्षाला, भर उन्हाळ्यात माहेरी आणलं होतं.

मी पाळीपलीकडे उतरलो. कालव्यात गुडघाभर चिखल होता आणि पाणी सोडायच्या चाकाला ताजं ग्रीस.

परत येऊन सगळ्यांसमोर विचारलं, "बाबा, पानी मंत्रानं उतरलं, त कालवा काहून वला हाय?"

"मायनं तिथं पाय धुतले."

"पाय धुवाले अर्धा तलाव?"

कोणी हसलं नाही. मासे धरणारा गोवर्धन खाली मान घालून बोलला, "चाक म्या फिरवलं, मास्तर. पाट्यानं माह्या जाळ्याची जागा गेली. कोनं इचारलंबी नाई. बाबा म्हने, दगड दिसले का लोकं पाट्या काढतीन."

त्याचं दुखणं खरं होतं. पाट्यांखाली माशांचं काय होतं, तेही कोणी तपासलं नव्हतं. पण ते ग्रामसभेत भांडायचं होतं. तोवर बाबा मोटरसायकलवर बसून निघाला. त्याला कोणी अडवलं नाही, मीही नाही. 

बेबीताई म्हणाली, "समजलं, मास्तर. आता पानी वापस आना."

 पुढच्याच आठवड्यात नळ बंद पडले. दिवस भरत आलेल्या प्रतीक्षाला दर्यापूरच्या जीपमध्ये बसवून सासरी धाडलं. बेबीताई तिच्या मांडीखाली गोधडी सारत राहिली.

लोकहो, देव माना, नका मानू. पण पाणी उतरलं तर ते कुठं गेलं, हे हात जोडायच्या आधी जाऊन पाहा. आम्ही पाणी गेल्यावर पाहिलं.