लाल खुणेच्या अलीकडे

रखमाची पाटी दादरच्या बाजारात टेकली तेव्हा गिऱ्हाईक मासळी घेऊन घरी पोचलंसुद्धा होतं. शिडाच्या होड्या आधी येत होत्या आणि वरळी कोळीवाड्यात पहिलं इंजिन बसवणारा तिचा नवरा विठोबा मागे राहत होता.

इंजिनाचा हट्ट रखमाचा, म्हणून टोमणेही तिलाच.

"संयुक्त महाराष्ट्र आधी येल का गो तुझी होडी?" शेजारची मंजुळा विचारायची.

शेवटी विठोबा कंटाळला. "उद्या उतरवतो त्याला. शीड बरं."

"हेरंब मेकॅनिक म्हणलेला, बंदराला पयली लागेल."

"असंपण म्हणलेला, घड्याळाचा काटा लाल खुणेपुढं नेऊ नको, इंजिन फुटेल. मी खुणेशी थांबतो. त्याच्यापुढं मी काय करू?"

घड्याळ म्हणजे इंजिन किती जोरात फिरतंय ते दाखवणारी तबकडी. परळचा हेरंब तिला टॅकोमीटर म्हणे.

"मना दाखवा," रखमा म्हणाली.

"पूजेबिगर बाईमाणूस होडीवर?"

"हट्ट माझा होता. उतरवायचं तर बघून उतरवा."

ती कासोटा खोचून चढलीच. धक्क्याला बांधलेल्या होडीत विठोबाने इंजिन चालू केलं. काटा तबकडीच्या मध्यावर आला आणि त्याने हात आखडला.

"ही बघ लाल."

रखमा वाकली. काचेवर तेलात कालवलेल्या कुंकवाचं बोट उमटलं होतं. नारळी पुनवेच्या पूजेत तिनेच ओढलेलं. हेरंबाची खूण काचेच्या आत होती, पार उजव्या कडेला, बारीक लाल पट्टी.

"हे माझं कुंकू," ती म्हणाली आणि पुसायला हात पुढे केला.

विठोबाने मनगट धरलं. "दर्यावर जाणाऱ्याच्या बायकोनं कुंकू पुसायचं? राहू दे. आता ठाऊक झालं मना."

"पाण्याच्या माऱ्यात लाल दिसलं की तुमचा हात थांबेलच."

तरी तिचा हात काचेशी अडला. कोळीवाडा काय म्हणेल ते तिला माहीत होतं, आणि भीती तिलाही होती. पण उद्या इंजिन उतरणार होतं. तिने हात सोडवून घेतला आणि काचेवरून अंगठा दाबून फिरवला. उरलेलं पदराने स्वच्छ केलं. अंगठ्याला लागलेलं लाल तिने स्वतःच्या कपाळावर टेकवलं.

"हं. वाढवा."

विठोबाने तिच्याकडे पाहिलं, मग काट्याकडे. इंजिनाचा आवाज बदलला, काटा मध्य ओलांडून पुढे सरकला, आणि धक्क्याला बांधलेला दोर करकरत ताणला गेला.