ब्रेकर पडला नव्हता

मंगळवारी दुपारी ओरेस्ट हाव्रिलुक बिटाचं सूप गरम करत होता. तेवढ्यात त्याच्या मेहुण्याचा, डेनिसचा फोन आला. कॅनडातल्या विनिपेग शहराच्या उत्तर भागात डेनिसने भाड्याने दिलेल्या एका घराला आग लागली होती. मागच्या खोलीत राहणाऱ्या लिओना देजार्लेबाईंचे दोन्ही हात भाजले होते.

डेनिसच्या सगळ्या घरांत घर गरम ठेवणारी भट्टी सोळा अंशांवर ठेवलेली असे आणि भाडेकरूंना ती वाढवता येऊ नये म्हणून तिच्या बटणावर कुलूपबंद प्लास्टिकची पेटी. बाहेर उणे तीस. भाडेकरू मुकाट्याने विजेचे हीटर आणत. बऱ्याच घरमालकांची हीच रीत होती, त्यामुळे कोणाला त्यात वावगं वाटत नसे. हीटरच्या भाराने ब्रेकर पडून वीज जाऊ लागली, की वायरमन ओरेस्ट जाऊन त्या खोलीला स्वतंत्र लाइन ओढून देई. लिओनाबाईंकडेही त्याने तेच केलं होतं. काम चोख, नियमाला धरून. हीटर दिवसभर चालवला तर चालेल ना, असं त्यांनी भीतभीत विचारलं, तेव्हा तो म्हणाला होता, बिनघोर राहा, काही झालंच तर ब्रेकर पडेल.

आता जळक्या खोलीत उभं राहून त्याने पाहिलं. हीटर पलंगापाशी आणायचा म्हणून बाईंनी एक बारीक जोडवायर घेतली होती. पायात अडकू नये म्हणून ती गालिच्याखालून नेली होती. तीच तापत तापत पेटली. तळघरात त्या लाइनीचा ब्रेकर मात्र अजून चालूच होता. ब्रेकरची चूक नव्हती. भिंतीतली जाड तार सांभाळणं एवढंच त्याचं काम; गालिच्याखालची बारीक तार त्याला कळत नाही. चाळीस वर्षं हे ओरेस्टला ठाऊक होतं. पण ते बोललं, की बोलणं मेहुण्याच्या कुलूपबंद भट्टीवर येणार, म्हणून तो कधी बोलला नव्हता.

"दाजी, असं तोंड पाडू नका," डेनिस म्हणाला. "तुमची लाइन एक नंबर होती. वायर म्हातारीने घातली. आगीची चौकशी करायला तपासनीस बाई येतील, त्यांना तेवढंच सांगा."

तेवढंच सांगितलं, तर लिओनाबाईंवर निष्काळजीपणाचा ठपका बसणार होता. मग त्यांना कोण खोली देणार?

ओरेस्ट आधी इस्पितळात गेला. तो काही बोलायच्या आत बाईच म्हणाल्या, "दादा, रागावू नका हं. तुम्ही इतकं छान करून दिलं होतंत. मीच घाण केली."

पाण्याचा पेला त्याने त्यांच्या ओठांना लावला.

तो जळक्या घरी परत आला, तेव्हा तपासनीस बाई पायरीवर बसून लिहीत होत्या.

"मीच सांगितलं होतं लिओनाबाईंना, बिनघोर राहा म्हणून," ओरेस्ट म्हणाला. "माझ्या शब्दावर त्यांनी हीटर चालू ठेवला. आणि भट्टीला कुलूप आहे, ते आधी लिहा."

"दाजी, ताईचा तरी विचार करा," डेनिस पुटपुटला.

तपासनीस बाईंनी मान वर न करता विचारलं, असं आणखी किती ठिकाणी सांगितलंत?

ओरेस्ट खालमानेने एकेक पत्ता सांगू लागला. सातव्या पत्त्याला तो अडखळला. तिथे मागच्याच महिन्यात बाळ जन्मलं होतं.

"राहिलेले पत्ते गाडीत सांगतो," तो म्हणाला. "आधी तिथे चला."