आयडाहोच्या अलीकडे

"ऐकलंस का? हॉगन मंडळी आयडाहोला चालली. बंदुकांपायी! आणि नोरीनने म्हणे गुपचूप पोलिसांना..."

एवढंच कानावर आलं. पुढे शेजारच्या बेव्हच्या नवऱ्याने, रॉनने, पानं उडवायचं यंत्र सुरू केलं आणि उरलेली बातमी त्या घरघरीत बुडाली. बेव्ह नेहमी अशीच, कुंपणाला कोपर टेकून बोलायची. नेमकं हवं तेव्हा रॉनला पानं आठवायची.

मला भोचक म्हणा हवं तर. पण ज्यांच्याबद्दल ही कुजबुज चालली होती त्यांच्याच गॅरेजमध्ये मी उभी होते. मी हॉगनांची बंदुकांची तिजोरी. उंचीला माणसाएवढी, रंगाने गडद हिरवी, दारावर आकड्यांची बटणं. पोलाद जाड असलं तरी ऐकू सगळं येतं.

माझा जन्म कारखान्यातला. पोलादाचे पत्रे वाकवले, जोडले, आत आगीपासून वाचवणारं अस्तर भरलं, वर मऊ कापड चिकटवलं. टकोमा शहराजवळच्या एका बंदुकांच्या दुकानात मी बरेच दिवस ताटकळले. मग एका शनिवारी वर्लिन हॉगन आला. त्याने माझ्या दारावर गुद्दा मारून पाहिला आणि बायकोला म्हणाला, "नोरी, ही बघ, तुझ्या भावापेक्षा दणकट आहे."

"आणि त्याच्यापेक्षा कमी बोलते," नोरीन म्हणाली. सौदा तिथेच पक्का झाला.

मला गॅरेजच्या जमिनीत बोल्ट ठोकून बसवलं. माझ्या पोटात पहिल्यांदा आली ती वर्लिनच्या वडिलांची जुनी रायफल, खांद्याला अडकवायच्या चामडी पट्ट्यासकट. मग शिकारीच्या दोन बंदुका, मग एक पिस्तूल, मग आणखी. आमच्याकडे हवा कायम ओलसर, म्हणून गंज चढू नये यासाठी आत विजेवर तापणारी एक दांडी लावलेली असते. हिवाळ्यात सगळ्या घरात माझ्याइतकं कोरडं, उबदार पोट कुणाचंच नसेल. वरच्या फळीवर नोरीनने स्वतःची जागा केली: आईचा ब्रोच, मुलीचे, शॉनाचे, दुधाचे दात. वर्लिन कुरकुरायचा, "ही तिजोरी आहे की दंतवैद्याचा दवाखाना?"

वर्लिन वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगते. बंदूक साफ करताना तो तान्ह्या मुलाला न्हाऊ घालावं तसा हळुवार असायचा. शिकारीला जाऊन हरीण आणलं की अर्धं आळीत वाटायचा. पहिला वाटा बेव्हचा. तीसुद्धा नाकं मुरडत घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी रिकामा डबा परत करताना विचारायची, "आता पुढचं कधी?"

पण आमच्या वॉशिंग्टन राज्यात बंदुकांचे कायदे कडक होत गेले, तसा तो चिडत गेला. त्याचा शिकारीचा जोडीदार लायल शेजारच्या आयडाहोत जाऊन राहिला आणि तिथून फोनवर ओरडायचा, "लेका वर्लिन, अजून तिथेच कुजतोयस? इथे कुणी परवाना विचारत नाही, कुणी नाक खुपसत नाही. ये की!"

मग वर्लिनने माझ्या दारावर अमेरिकेचा मोठा नकाशा चिकटवला. मासेमारीच्या दुकानातून आणलेलं लोहचुंबकाचं एक सॅमन माशाचं चित्र होतं. ते तो आवडलेल्या राज्यावर बसवायचा. रोज संध्याकाळी दोघं कॉफीचे मग घेऊन माझ्यासमोर उभी राहायची, आणि मला वाटायचं की सबंध देश माझ्या अंगावर पसरलाय.

"टेक्सास," वर्लिन म्हणायचा.

"उन्हाळ्यात तिथली कुत्रीसुद्धा राजीनामा देत असतील. माझे गुडघे वितळतील."

"टेनेसी."

"तिथे वावटळी येतात. छप्पर उडालं तर तुझ्या बंदुका काय वाऱ्यावर झाडणार?"

"वायोमिंग. कुणी विचारत नाही, कुणी हटकत नाही."

"विचारायला हटकायला माणूस तर पाहिजे तिथे!"

असा मासा महिनोन्‌महिने देशभर पोहत राहिला. शेवटी तो आयडाहोच्या निमुळत्या मानेवर येऊन थांबला, लायलच्या गावापाशी. नोरीनने तेव्हा काही विनोद केला नाही. तिचा मग हातातच गार झाला.

कारण त्याच सुमारास वर्लिन विसरू लागला होता. आधी चष्मा, मग गॅसची शेगडी, मग रस्ते. डॉक्टरांनी नोरीनला बाजूला घेऊन काय ते सांगितलं. ते तिने शॉनाला फोनवर सांगितलं, गॅरेजमध्ये बादली उपडी करून माझ्याजवळ बसून. वर्लिनला ऐकू जाऊ नये अशी घरात ती एकच जागा उरली होती.

आणि मग ती दुपार. रॉन नेलेली शिडी परत द्यायला गॅरेजमध्ये शिरला. माझं दार उघडं होतं. वर्लिनने पिस्तूल उचललं आणि थेट रॉनच्या छातीवर रोखलं.

"कोण तू?"

"अरे मी! रॉन! शिडी आणलीय."

"कोण तू, विचारलं ना?"

रॉनच्या हातातली शिडी निसटून माझ्या अंगावर आपटली. वर्लिनचे डोळे मी पाहिले. त्यात राग नव्हता, नुसती भीती होती, जत्रेत आईचं बोट सुटलेल्या पोराची. नोरीन धावत आली, दोघांच्या मध्ये उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "वर्लिन, हा रॉन. हरणाचं मांस खाऊन पोट बिघडलं होतं तो." वर्लिनचा हात खाली आला. तो हसलासुद्धा. रॉन हसला नाही.

त्या संध्याकाळी बादलीवर बसून नोरीन शॉनाशी बोलली. फोनचा आवाज मोठा होता, म्हणून मला दोन्ही बाजू कळल्या.

"आई, आता अर्ज कर. कोर्ट सांगेल, पोलीस येऊन बंदुका घेऊन जातील. इथे तसा कायदा आहे ना!"

"आणि दारात पोलिसांच्या गाड्या उभ्या करू? आपल्या बापाच्या रायफलीवर वर्लिनचा जीव आहे गं. तो मला ओळखेनासा होईल ते होईलच, पण ओळखत असेल तोवर तरी त्याने माझा तिरस्कार करू नये."

"मग आयडाहोला गेल्यावर काय करशील? तिथे हा कायदाच नाही. तिथे कुणाकडे जाशील?"

नोरीनने फोन ठेवला. ज्या गोष्टीसाठी वर्लिनने आयडाहो निवडलं होतं, तिलाच ती भीत होती. तिथे कुणीच नाक खुपसणार नव्हतं. घर विकायची पाटी मात्र बाहेर लागून गेली होती.

दुसऱ्या दिवशी वर्लिन आंघोळीला गेला असताना ती आली. जुना नंबर दाबून तिने मला उघडलं, वाचायचा चष्मा लावला आणि माझ्या दारामागचं छोटं बटण शोधून नंबर बदलला. नवा नंबर त्यांच्या लग्नाची तारीख. वर्लिनला ती कधीच आठवायची नाही. तिच्या इतक्या वर्षांच्या थट्टेचा तो विषय होता. आता तीच थट्टा तिने कुलूप म्हणून घातली.

चार वाजता वर्लिन आला. जुना नंबर दाबला. लाल दिवा. पुन्हा दाबला. लाल.

"नोरी! नंबर काय गं आपला?"

ती दारात आली. "तुझाच तर नंबर. तूच ठरवलेला."

"हाच ना?"

"आठव बरं नीट."

एवढं बोलून ती स्वयंपाकघरात गेली आणि नळ पूर्ण सोडला. खूप वेळ पाणी वाहत होतं. इकडे वर्लिन स्वतःच्या बोटांकडे बघत उभा राहिला, जणू ती कुणा दुसऱ्याची बोटं आहेत.

तो बरंच विसरत होता, खरंय. पण नंबर तो विसरला नव्हता. हे जगात दोघींनाच माहीत होतं, तिला आणि मला. त्याने त्या दिवसापासून गाडीच्या किल्ल्या खुंटीवरून काढल्या नाहीत. लायलचा फोन वाजायचा, तो उचलायचा नाही. माझ्या लाल दिव्याने एक माणूस आत आत मिटत चालला होता आणि मला तोंड असून बोलता येत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात रॉन त्याला केस कापायला घेऊन गेला. हो, रॉनच. छातीवर पिस्तूल रोखलं गेलं होतं तोच. जाताना म्हणाला, "चल म्हाताऱ्या, तुझ्या मानेवर जंगल वाढलंय." ते दोघं गेल्यावर ज्या दुकानातून मी आले होते तिथला माणूस व्हॅन घेऊन आला. बंदुका तो आपल्याकडे सांभाळून ठेवणार होता. त्याने एकेक चादरीत गुंडाळून नेली. नोरीनने फक्त वर्लिनच्या वडिलांच्या रायफलीचा चामडी पट्टा काढून घेतला आणि माझ्या रिकाम्या पोटात ठेवला. दात आणि ब्रोच पदराशी धरावेत तसे ॲप्रनमध्ये धरून ती आत गेली. या घरात आल्यापासून मी पहिल्यांदाच पोकळ वाजले.

मग जूनमधला एक रविवार. न्याहारीच्या वेळी नोरीनचं हसणं माझ्यापर्यंत आलं. "आज काय आहे, सांग."

"रविवार."

"लग्नाचा वाढदिवस, मूर्खा!" तिने तारीख सांगितली, वर्षसुद्धा सांगितलं आणि ती चर्चला गेली.

वर्लिन गॅरेजमध्ये आला, हातात बागेतली थोडी फुलं. ती परत येईपर्यंत विसरू नये म्हणून तो तारीख तोंडाने घोकत होता. दिवस, महिना, वर्ष. घोकता घोकता त्याची बोटं सवयीने माझ्या बटणांवर गेली.

हिरवा दिवा लागला.

दार उघडून तो आत बघत राहिला. मला वाटलं, आता ओरडेल, काहीतरी फेकून मारेल. त्याने आत हात घातला, भिंती चाचपल्या, पट्टा हाताला लागला. तो त्याने नाकाशी नेला, वास घेतला. मग परत होता तसाच ठेवला, नीट गुंडाळून. दार लोटलं. खटका बसल्याचा आवाज ऐकला आणि मान हलवली.

बराच वेळ तो नकाशासमोर उभा होता. मग त्याने मासा उचलला आणि बोटभर डावीकडे आणला. आयडाहोची रेघ ओलांडून अलीकडे, आमच्याच राज्यातल्या स्पोकेनवर. शॉना तिथे राहते.

नोरीन आली तेव्हा त्याने फुलं पुढे केली आणि तारीख म्हणून दाखवली, दिवस, महिना, वर्ष.  तिने माझ्याकडे पाहिलं, मग नकाशाकडे.

"आणि नोरी," तो म्हणाला, "त्या पेटीचा नंबर मला काही आठवत नाही बघ. राहू दे आता."

"राहू दे," ती म्हणाली. आणि त्याच्या शर्टात तोंड खुपसून उभी राहिली. मासा तिने तसाच ठेवला.

त्याला किती कळलं होतं? की नकाशावरचा हात नुसताच सरकला? मी एवढ्या जवळून पाहिलं, तरी शपथेवर सांगू शकत नाही.

घर विकलं गेलं. मी जड, शिवाय जमिनीला बांधलेली, म्हणून मागे राहिले. आता इथे एक तरुण जोडपं राहतं. माझ्या डोक्यावर त्यांचे रंगाचे डबे असतात. परवा नव्या मालकिणीला बेव्ह कुंपणावरून सांगत होती, "आयडाहोला गेले ते. सगळ्या बंदुका घेऊन. आणि नोरीनने पोलिसांना..."

या वेळी यंत्र रॉननेच बंद केलं. "पोलीस कुठले, बेव्ह! आणि आयडाहो कुठलं! स्पोकेनला आहेत ते. वर्लिन आता तिथल्या देखभालीच्या घरात असतो. खिडकीतून पूर्वेचे डोंगर दिसतात. येईल त्याला सांगतो, मी आयडाहोत राहतो, इथे कुणी काही विचारत नाही. नोरीन शेजारी बसून हो म्हणते."

बेव्हने कुंपणावरचं कोपर काढलं. मग म्हणाली, "म्हणजे बंदुकांपायी गेले, हे खरं होतं."

"बंदुकांचं तेवढं खरं होतं," रॉन म्हणाला, आणि आत गेला.

नवा मालक म्हणतो, नंबर कुणाला माहीत नाही, आता यंत्राने कापूनच काढू. कापा बाबांनो, माझी तक्रार नाही. फक्त आतला पट्टा कचऱ्यात टाकू नका. स्पोकेनला पाठवा. वर्लिनला आता तो कुणाचा ते सांगता येणार नाही, पण नाकाशी नेऊ द्या.