सावलीत वाळवलेला अडुळसा

भुईगावात सावित्रीच्या हातच्या सुकेळ्यांना तोड नव्हती. पिकलेली राजेळी केळी सोलून मांडवावर कडक उन्हात वाळवायची, की आठवड्यात मधाचा रंग धरायची. म्हणूनच, एक्कावन्न साली गावचेच हरेश्वर वैद्य, जे आता गिरगावात औषधं बनवत, त्यांनी अडुळशाची वाळकी पानं मागवली तेव्हा तिने बेधडक होकार कळवला. वाडीच्या कुंपणाला अडुळसाच होता. गुरं तोंड लावत नाहीत म्हणून लावलेला.

"आता कुंपण विकणार का?" सासरे नरहरी पोट धरून हसले. त्यांचा जन्म विड्याच्या पानमळ्यात गेलेला. त्यांच्या लेखी पान तेवढं एकच, बाकी सगळा पाला.

सावित्रीने पानं खुडली, मांडवावर पसरली. चार दिवसांत कुरकुरीत झाली. शेजारच्या क्लेमेंटच्या बैलगाडीतून दोन गोण्या स्टेशनावर गेल्या आणि आठव्या दिवशी तशाच परत आल्या. सोबत चिठ्ठी होती: "सावित्रीबाई, मला औषध करायचं आहे, चूल पेटवायची नाही."

तिला रडू येण्याआधी संताप आला. गोणी तिने अंगणात उपडी केली. पिवळा, बिनवासाचा चुरा. नरहरींनी मूठभर उचलून नाकाशी नेला. या खेपेला ते हसले नाहीत.

"उन्हात घातलीस?"

"सुकेळ्यांसारखीच की."

"केळ्याला ऊन पचतं गं. पानाचा जीव केवढा!"

"पण मामंजी, तुम्ही तर याला पाला म्हणत होता."

"पालाच आहे. म्हणून काय त्याची अशी दशा करायची?"

दुसऱ्या सकाळी दव सुकताच म्हातारा कुंपणाशी हजर. कोवळं पान नको, पिकलेलं नको, देठ मोडू नको. क्लेमेंटची बायको बेटी, तिने आपली समुद्राकडची वाऱ्याची पडवी दिली. तिथे चटयांवर पानं विरळ पसरली. नरहरी काठी घेऊन राखणीला बसले.

"काका, माझ्या कोंबड्या कडू खात नाय!" बेटी ओरडली.

"खात नसतील, पण विस्कटतात ना!"

दिवसातून तीनदा पानं उलटायची. सावित्रीला वाटलं, यापेक्षा बाळंतीण सांभाळणं सोपं. पण सहाव्या दिवशी पानं वाळली, ती हिरवीच्या हिरवी. मोडकी पानं टाकून द्यायला तिचा जीव धजेना. कल्हईच्या पातेल्यात ती तिने मंद आचेवर उकळली, गाळली, आटवली, काकवीसारखी दाट होईपर्यंत. तो अर्क एका बरणीत भरून तिने गोण्यांबरोबर धाडला.

या वेळी चिठ्ठी आली नाही, स्वतः वैद्यच आले. बरणीतलं बोटभर चाटून त्यांनी असं तोंड केलं, की बेटी पदरात तोंड लपवून हसू लागली.

"कडूजहर! असाच पाहिजे," वैद्य म्हणाले. "पानं राहू द्या, मला वर्षभर हा अर्कच पुरवा. केला कुणी?"

"पानं मामंजींनी वाळवली," सावित्री म्हणाली.

"मी नुसता बसलो होतो," नरहरी घाईने म्हणाले. "अर्क सूनबाईचा!"

त्या पावसाळ्यात त्यांनी पानमळ्यातली एक अख्खी ओळ उपटून तिथे अडुळशाच्या फांद्या खोवल्या. सावित्रीने फक्त भुवया उंचावल्या. नरहरींनी तिच्याकडे पाहिलंच नाही. पायाने माती दाबत ते पुढच्या फांदीकडे सरकले.