कोंडाजीने धुतलेला फ्लास्क

सकाळचा भोंगा झाला तेव्हा कोंडाजी नेहमीप्रमाणे फ्लास्क धुऊन फळीवर उपडे घालत होता. साल १९५७. पिंपरीच्या एका औषध कारखान्याची ही प्रयोगशाळा. आल्डिहाइड या द्रवात अमाइन हे दुसरे रसायन मिसळले की पिवळे स्फटिक पडतात; त्यांना शिफ बेस म्हणतात. ते तांब्याशी जोडले की हिरवे संयुग होते. रसायनतज्ज्ञ इंदुताई महिनाभर ते करत होत्या आणि दर वेळी हाती मळकट गाळ येत होता.

"भांडी अस्वच्छ," प्रयोगशाळेचे प्रमुख यशवंतराव म्हणाले. त्यांनी कोंडाजीपुढे कागद सरकवला. "चूक कबूल कर. अंगठा दिलास तर मोऱ्या झाडायला ठेवतो. नाहीतर आजच घरी."

"काय लिवलंय, सायेब?"

"वाचून काय करणार आहेस?"

सात वर्षे दारोदार फिरल्यावर कोंडाजीला लागलेले हे काम. चिंचवडच्या महारवाड्यात त्याची बायको अंबुबाई बाळंतपणाला टेकलेली.

तेवढ्यात इंदुताईंनी धुतलेल्या फ्लास्कमध्ये आल्डिहाइड ओतले. ते लगेच पिवळे झाले. अमाइनच्या बाटलीचे बूच अजून उघडलेही नव्हते! त्यांनी शेजारचा रिकामा फ्लास्क हुंगला.

"कोंडाजी, तुम्ही धुतल्यावर यात काय पडतं?"

कोंडाजी खाली पाहत म्हणाला, "माझा हात लागतो म्हून सायेब रोज गोमूत्र शिंपडत्यात, बाई. पर आमी सांगून कोन ऐकनार?"

शिळ्या गोमूत्रातला अमोनिया अमाइनसारखाच; तो अमाइनच्या आधीच आल्डिहाइडला चिकटत होता.

"शुद्ध करून घेतो, त्यात काय बिघडलं?" यशवंतराव तडकले. "आणि हे अहवालात येणार नाही. अंगठा!"

कोंडाजीने अंगठा धोतरात लपेटला.

"घान ऱ्हायली असती तर दिला असता, सायेब. फ्लास्क सोच्छ व्हता."

तो निघाला. अस्पृश्यता गुन्हा ठरवणारा कायदा होऊन दोन वर्षे झाली होती. त्याला थांबवायला मात्र एकही खुर्ची हलली नाही.

इंदुताईंनी प्रयोगवहीत सारे लिहिले, खाली सही केली आणि साक्षीसाठी वही टेबलाटेबलावर नेली. सही येणारी अकरा माणसे होती. कुणाला खोकला आला, कुणाचा चष्मा सापडेना. साक्षीची जागा कोरीच राहिली.

त्या वही घेऊन फाटकाकडे धावल्या.

"कोंडाजी, नोकरी माझ्या हातात नाही. साक्ष द्याल?"

"आधी वाचून दावा, बाई."

त्यांनी रस्त्यातच मोठ्याने वाचले, "भांडी स्वच्छ होती. धुणारा निर्दोष. गोमूत्र प्रयोगशाळाप्रमुखांनी टाकले."

"पुन्यांदा वाचा."

त्यांनी पुन्हा वाचले. मग कोंडाजीने हात पुढे केला, आणि इंदुताईंनी आपल्या पेनची शाई त्याच्या अंगठ्याला लावली.