नवव्या कॅसेटची दुसरी बाजू

टपालाने आलेल्या पाकिटात एकच कॅसेट होती आणि तिच्याभोवती रबराने अडकवलेली चिठ्ठी. सत्यशीलाने आधी चिठ्ठी वाचली.

"सत्यशीलाताईंना नमस्कार. तुम्ही वाचलेल्या कादंबरीवर तीन श्रोत्यांना मत विचारलं होतं. एकाला वाचन बरं वाटलं, एकाला कोरडं, एकाने काहीच कळवलं नाही. काकासाहेब हे आपले सर्वांत जुने श्रोते, म्हणून त्यांच्या मतावर ठरवू असं मी म्हणत होतो. ते मत सोबतच्या कॅसेटमध्ये आहे, तुम्हीच ऐका. ज्या जागेवर ते बोललेत तिथला तुमचा मजकूर पुसला गेला आहे, तेवढा पुन्हा भरून द्यावा. पुढची मोठी ऐतिहासिक कादंबरी रामराव वकिलांकडे वाचायला द्यायचं मनात आहे. तुम्ही काही दिवस विश्रांती घ्यावी. अण्णासाहेब."

अण्णासाहेब औरंगाबादेत दोन खोल्यांमध्ये अंधांसाठी बोलक्या पुस्तकांचं ग्रंथालय चालवत. सत्यशीला अंबडला हायस्कुलात विज्ञान शिकवायची आणि संध्याकाळी घरी बसून त्यांच्यासाठी कादंबऱ्या टेपवर वाचून भरायची. ह्याला तीन वर्षं झाली होती. शाळेत ती दिवसभर बोलायची, पण ते बोलणं फार तर परीक्षेपर्यंत टिकायचं. हे वाचन मात्र कुठल्या तरी गावात, कुणाच्या तरी घरात पुन्हा पुन्हा ऐकलं जातं, ही गोष्ट तिने कुणाजवळ बोलून दाखवली नव्हती, तरी आठवडाभर ती त्यावरच चालायची. "विश्रांती घ्यावी" ह्या दोन शब्दांचा अर्थ तिला बरोबर कळला.

तिने कॅसेट लावली. नववी कॅसेट, दुसरी बाजू. इथे तिच्या आवाजात कादंबरीची शेवटची बावीस मिनिटं असायला हवी होती. त्याऐवजी आधी खरखर ऐकू आली आणि मग एका पुरुषाचा आवाज.

"साळू, लाल बटन दाबलंस का? चाक फिरून राह्यलं? बरं. मी काकासाहेब, कुंभार पिंपळगाव, तालुका घनसावंगी. मत इचारलंय म्हणून सांगतो.

"आधी ऐतिहासिकचं. वकीलसाहेब वाचतेत ते बिलकुल जोरात. लढाई आली की अंगावर काटा येतो, खोटं कशाला बोलू. पण राजा चिडला तरी वकीलसाहेबच ओरडतेत, राणी रडली तरी वकीलसाहेबच रडतेत, अन् हत्ती पडला तरी वकीलसाहेबच पडतेत. अन् ते लिहिणारे! मागच्या पुस्तकात स्वार न्याहारी करून दौलताबादहून निघाला, अन् दुपारच्या जेवणाला अंबडात. मी एकोणतीस वर्षं येष्टी चालवली. मला तीन तास लागायचे, तेबी डांबरी रस्त्यानं. त्या घोड्याला पाणी कुठं पाजलं, कुणी सांगत न्हाई. इतिहासात कुणाचं टायर पंक्चरच होत न्हाई. मंग भी मी ऐकतो, कारण पुढं काय होतंय त्याची ओढ राहती.

"आता ह्या मॅडमचं पुस्तक. सात कॅसेटी झाल्या. बाई भाड्याच्या खोलीत बसून भिंतीवरचा खिळा बघून राह्यली. नवरा सोडून गेला, त्याचा कोट त्या खिळ्याला असायचा, हे पहिल्याच कॅसेटीत कळलं. मंग पुढच्या सहा कॅसेटी आपण काय करायलो? अन् मॅडम वाचतेत कसं, तर औषधाच्या बाटलीवरचं वाचल्यावाणी. दिवसातून तीनदा, जेवणानंतर. एकाच गिअरमधी गाडी. सपाट रस्त्याला ठीक हाय. घाट आला तर?"

मागून एका बाईचा आवाज आला, "चहा निवून राह्यला."

"थांब जरा. हां, एक गोष्ट बराबर वाटली. तिसऱ्या कॅसेटीत मागून हॉर्न वाजला, तर मॅडम थांबल्या अन् ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचलं. ती पावणेसहाची घनसावंगी गाडी, तो हॉर्न मी वळखतो. वकीलसाहेब हॉर्नला थांबत न्हाईत. ते पानंबी गाळतेत, मला कळतं. पण मत इचारलंय तर सांगतो, मॅडमला ऐतिहासिक देऊ नका. लढाई झोपी जाईल."

असं तो माणूस पंचवीस मिनिटं बोलला होता. मधेमधे चहा होता, डेपोतल्या गोष्टी होत्या, जुन्या कादंबऱ्यांतल्या सेनापतींची एकमेकांशी तुलना होती.

सत्यशीलाने टेप बंद केला आणि आधी चूक कुठे झाली ते शोधलं. कॅसेटच्या मागच्या कडेला दोन छोट्या प्लास्टिकच्या चकत्या असतात; जी मोडली त्या बाजूवर पुन्हा काही भरता येत नाही. ग्रंथालयाच्या पद्धतीप्रमाणे शेवटच्या बाजूची चकती मोडायची नसे. पुस्तक संपलं की उरलेल्या कोऱ्या जागेत श्रोत्याने आपलं मत बोलायचं. रामराव वकील भरभर वाचत, त्यामुळे त्यांची शेवटची बाजू बहुतेक पूर्ण कोरीच असायची. काकासाहेबांना तीच सवय. त्यांनी नववी कॅसेट काढली, दुसरी बाजू लावली आणि बोलायला सुरुवात केली. खाली काही भरलेलं आहे, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

दुसरी गोष्ट तिला त्याहून महत्त्वाची वाटली. त्यांनी सातच कॅसेटी ऐकल्या होत्या. आठवी, नववी नाही. मुलांनी प्रयोग अर्धा करून निष्कर्ष लिहिला तर ती वही परत द्यायची. तिने अण्णासाहेबांना लिहिलं: "काकासाहेबांनी पुस्तक पूर्ण ऐकलेलं नाही. त्यांचं मत आत्ताच धरू नये. आठवी कॅसेट पाठवावी. मी त्यांना उरलेलं ऐकवून मत आणते."

चार दिवसांनी आठवी कॅसेट आली. सोबत एक ओळ: "महिनाअखेरीपर्यंत. मग मात्र ठरवावं लागेल."

दरम्यान शेवट पुन्हा भरायचा होता. तिने प्रयोगशाळेतलं स्टॉपवॉच टेबलावर ठेवलं आणि ह्या वेळी पुस्तकात पेन्सिलने खुणा केल्या: इथे आवाज खाली, इथे थांबणं, आणि खिळ्याच्या वाक्याशी, जिथे सगळी कादंबरी येऊन टेकते, तिथे जाड रेघ. इथे आवाज भरून यायला हवा. तिने तसं वाचून पाहिलं. धाकटी बहीण बेबीनंदा शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती.

"ताई, तू रडत्येस की सर्दी झालीय?"

"वाचत्येय."

"मग वाच की. ही कोण बाई आणलीस घरात?"

सत्यशीलाने टेप मागे घेऊन ऐकला. बेबीनंदाचं म्हणणं खरं होतं. तिने ते पुसून टाकलं आणि शेवट काकासाहेबांसमोरच वाचून भरायचं ठरवलं, पण खुणा खोडल्या नाहीत.

रविवारी ती टेपरेकॉर्डर, पुस्तक, आठवी कॅसेट, सहा सेल आणि दोन कोऱ्या कॅसेटी पिशवीत घालून बसने घनसावंगीला आणि तिथून जीपने कुंभार पिंपळगावला गेली. काकासाहेबांचं घर विचारायला लागलं नाही, जीपवाल्याने "डायवर काकांकडं?" म्हणत दारात सोडलं.

काकासाहेब पडवीत लोखंडी खुर्चीवर बसले होते. काचबिंदूने डोळे गेले होते, पण मान रस्त्याकडेच असे. नाव सांगितल्यावर ते खुर्चीत पुढे सरकले.

"म्हणजे बाटलीवरच्या मॅडम."

"हो."

"आवाज तोच हाय. भांडायला आल्या का?"

"नाही. तुम्ही सात ऐकल्या. दोन राहिल्यात. त्या ऐका आणि मग काय ते म्हणा. शिवाय शेवट तुमच्या आवाजाखाली गेला. तो पुन्हा भरायचाय."

"माझ्या आवाजाखाली?"

तिने झालेली चूक सांगितली. काकासाहेबांनी कपाळाला हात लावला. "साळू, आपण मॅडमच्या गाडीवर गाडी घातली की गं."

साळूबाई आतून पाणी घेऊन आल्या. "मी म्हणत होते, आठवी लावा. ह्यांनीच नको म्हणलं."

"तुला काय करायचंय आठवीचं?"

"मी काय बहिरी हाय? बटनं कोण दाबतंय? सातही मी ऐकल्या."

आठवी कॅसेट लागली. तासभर काकासाहेब खुर्चीच्या हातावर बोटं वाजवत राहिले. "अजून खिळाच," ते एकदा म्हणाले. एकदा जांभई दिली. साळूबाई उंबऱ्यावर बसून तूर निवडत होत्या. सत्यशीला स्वतःचा आवाज ऐकत होती आणि तिला तो खरंच औषधाच्या बाटलीसारखा वाटायला लागला होता.

आठवी संपली. तिने कोरी कॅसेट घातली, टेपरेकॉर्डर स्टुलावर ठेवला आणि पुस्तक उघडलं.

"आता बावीस मिनिटं कुणी बोलायचं नाही."

"खोकला आला तर?"

"वाक्य परत वाचेन."

काकासाहेब हसले. "हे बराबर हाय."

ती वाचू लागली. कादंबरीतल्या बाईला अखेर पत्र येतं. नवरा दुसऱ्या गावी आहे, संसार आहे, परत येणार नाही. बाई पत्राची घडी करते, डब्यात ठेवते. सत्यशीलाने डोळा वर करून पाहिलं. काकासाहेबांची बोटं थांबली होती. साळूबाईंच्या हातातली तूर सुपातच राहिली होती. पान उलटलं आणि पेन्सिलची जाड रेघ आली. तिला ती दिसली. पण समोरची दोघं काही ऐकत होती, त्याच्या आड यावंसं तिला वाटलं नाही. आधीची वाक्यं वाचली होती तशीच तिने ही वाचली: बाईने वरवंट्याने खिळा हलवून काढला. भोकात ओल्या साबणाचा तुकडा दाबून बसवला आणि बोटाने सारखा केला. मग दूध आणायचं होतं म्हणून पातेलं घेतलं आणि दार ओढून घेतलं.

"पुस्तक समाप्त," ती म्हणाली. टेप बंद करायला तिने हात पुढे केला, तेवढ्यात साळूबाई बोलल्या.

"साबणच. भाड्याच्या घरात साबणच लावतेत. मालकाला दिसू नये म्हणून."

"तुला काय ठावं?" काकासाहेब म्हणाले.

"डेपोच्या क्वाटरला मी न्हाई का बसवला? तुमची बदली झाल्ती, तुम्ही पुढं निघून गेल्ते. सात महिने मी एकटी होते. तुमच्या खाकी शर्टाचा खिळा होता दारामागं."

"मला न्हाई सांगितलंस कधी."

"तुम्ही इचारलं का?"

काकासाहेबांनी मान रस्त्यावरून उंबऱ्याकडे वळवली. रस्त्यावरून बैलगाडी गेली, तरी त्यांनी मान परत फिरवली नाही.

"सात महिने तू काय केलंस मंग?"

"काय करायचं? त्या बाईनं केलं तेच."

सत्यशीलाचा हात अजून बटणावर होता. बावीस मिनिटांनंतरची कोरी जागा भरत होती. तिने हात मागे घेतला.

जरा वेळाने काकासाहेब खाकरले. "मॅडम, चालू हाय का ते?"

"चालू आहे."

"मंग लिहून घ्या म्हणावं. मत. सहा कॅसेटी मला कंटाळा आला, तो आल्ताच, ते मागं घेत न्हाई. साळूला न्हाई आला, ते तिचं तिला. अन् मॅडमनी खिळ्यापाशी गिअर बदलला न्हाई, हे बरं केलं. बदलला असता तर मला इंजिनचा आवाज आला असता, खिळा न्हाई. वकीलसाहेबांनी तिथं तुतारी वाजवली असती."

साळूबाई तोंडाला पदर लावून हसल्या.

"अन् ऐतिहासिकचं मी बदलतो. मॅडमला द्या. वकीलसाहेबांच्या आवाजात घोडा खोटा असला तरी पळून जातो. मॅडमच्या वाचण्यात त्याला पळता येणार न्हाई. कुठून निघाला, कवा पोचला, सगळं बराबर ऐकू येईल. मंग लिहिणाऱ्याला आपण धरू."

"लढाई झोपली तर?" सत्यशीलाने विचारलं.

"झोपली तर मी सांगीनच की. मत द्यायला काय, कोरी जागा असतीच." ते थांबले. "पण आता जागा कुठाय ते आधी सांगत जा."

पंधरा दिवसांनी अण्णासाहेबांचं पार्सल आलं. आत सहाशे चाळीस पानांची ऐतिहासिक कादंबरी, तीस कोऱ्या कॅसेटी आणि चिठ्ठी: "दोघांचंही मत ऐकलं. वाचावं. काकासाहेबांनी घोड्यांकडे लक्ष द्यायला सांगितलं आहे."

सत्यशीलाने एकतिसावी कॅसेट बाजारातून स्वतः आणली आणि तिच्यावर "फक्त मतासाठी" असं म्हणून पहिलं मिनिट भरून ठेवलं. बाकी तीस कॅसेटींच्या चकत्या भरून झाल्यावर प्रयोगशाळेतल्या बारीक पेचकसाने दोन्ही बाजूंनी मोडायच्या, असं तिने ठरवलं.

अकराव्या पानावर एक स्वार पहाटे पैठणहून निघून सूर्य माथ्यावर यायच्या आत जालन्याच्या वेशीत शिरत होता. तिने शाळेतून आणलेल्या नकाशावर पट्टीने अंतर मोजलं, पाहिलं आणि पट्टी ठेवून दिली. वाक्य जसं होतं तसंच, पहाट आणि सूर्य दोन्ही स्पष्ट ऐकू येतील असं वाचलं. मधेच खिडकीखालून पावणेसहाच्या गाडीने हॉर्न दिला. ती थांबली, गाडी वळणावरून पुढे जाऊ दिली आणि स्वाराला पुन्हा पैठणहून निघायला लावलं.