ताईला सहा उलटे चेहरे

इमोजींचाही एक दिवस असतो, ही बातमी निवृत्त कंपॉझिटरला त्याच्या मुलीने सकाळी चहाबरोबर दिली. घरच्या ग्रुपवर आज शब्द बंद, फक्त चेहरे.

“त्यात नवीन काय?” तो म्हणाला. “छापखान्यात काम नसलं की आम्ही दोन टिंबं आणि एक आडवा कंस जुळवून हेच करायचो. तुमच्या मोबाईलवाल्यांनी वरून पिवळा रंग दिला, एवढंच.”

“हो बाबा, तुम्हीच लावलात शोध. आता पाठवा काहीतरी.”

तेवढ्यात ताईचा, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचा, फोटो आला. वय अडुसष्ट, हातात गाडीचं लायसन्स. तीनदा नापास होऊन चौथ्यांदा मिळालेलं. तिन्ही वेळा कंपॉझिटर पोट धरून हसला होता, म्हणून आज त्याला मनापासून शाबासकी द्यायची होती. त्याने चष्मा पुसला, शंभरेक चेहरे निरखले आणि उलटा हसरा निवडला. एकाने भागेना म्हणून सहा पाठवले.

ताईने लालबुंद चेहरा पाठवला आणि ग्रुप सोडला.

“बाबा! उलटा म्हणजे टोमणा! ‘वा, मोठाच तीर मारलास’ असा.”

“अगं, उलटा लावला की छापताना सुलटा उमटतो!”

“इथे छापतंय कोण?”

अडतीस वर्षं छपाईचे शिशाचे खिळे उलटे जुळवलेल्या माणसाला ही शंका आलीच नव्हती. त्याने फोन लावला, ताईने कापला. ताईचा अबोला म्हणजे खायचं काम नव्हे. मागे एका स्वेटरवरून तो दोन वर्षं चालला होता, आणि स्वेटर दोघांपैकी कुणाचाच नव्हता.

त्याने कपाटातून आठवण म्हणून जपलेले तीन खिळे, दोन टिंबं आणि एक कंस, काढले, दोऱ्याने बांधले, मुलीच्या टेबलावरचं स्टॅम्पपॅड खिशात घातलं आणि दोन गल्ल्या तरातरा चालत गेला.

ताई फाटकाशी गाडीत बसली होती. काचा बंद. त्याने टकटक केली. काच दोन बोटं खाली आली.

“आणखी सहा आणलेस?”

“एकच आणलाय. ताई, बघ ना.”

खिळ्यांत तोंड वर होतं, डोळे खाली. त्याने ते शाईत टेकवले आणि ताईने फटीतून सरकवलेल्या ड्रायव्हिंग स्कूलच्या पावतीमागे दाबले. सुलटा, टपोरा, हसरा चेहरा उमटला.

ताईने पावती ओढून घेतली आणि चष्म्याजवळ नेली. “म्हणजे जन्मभर तू जगाकडे उलटंच बघत होतास?”

“पगार त्याचाच होता.”

“मागे बस. आणि हसलास तर वाटेत उतरवीन.”

गाडी फाटकातच तीनदा बंद पडली. चौथ्यांदा वायपर सुरू झाले. कंपॉझिटर हसला नाही. पण हसू गिळताना त्याचा चेहरा असा काही झाला, की ताईने आरशात तो पाहिला आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून खो खो हसत सुटली. हॉर्न वाजतच राहिला. सगळी गल्ली बाहेर आली.